इमान

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीला मुंबईहून पहिले प्रवासी विमान आले. त्या दिवशी आई आणि मी बेलोऱ्याजवळच्या एका नातेवाइकाच्या शेतात, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभे होतो. एप्रिलचे ऊन तापलेले होते. शेत रिकामे होते. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग एका कोपऱ्यात रचून ठेवलेले होते. विमान आकाराने लहान होते. दोन पंखे, पंख अंगाच्या वरच्या बाजूला, आत सत्तरेक माणसांची जागा. ते खाली येऊ लागले तसा आईने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "आलं गा इमान."

वऱ्हाडीत शब्दाच्या आरंभीचा 'वि' पुष्कळदा 'इ' होतो. विहिरीची इहीर होते, विचाराचा इचार होतो, विमानाचे इमान होते. हे मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहून दाखवलेले आहे. पण आईच्या तोंडून त्या दिवशी तो शब्द ऐकला तेव्हा त्याचा दुसरा अर्थही मला प्रथमच ऐकू आला. इमान म्हणजे निष्ठा, दिलेल्या शब्दाला जागणे.

"कोनाचं हाय थे?" आईने विचारले.

"सरकारचं."

"मंग एअर इंडियाचं नोहे?"

"नाही. आधी होतं, आता नाही."

आईला हे उत्तर पटले नाही. तिच्या लेखी विमान म्हणजे एअर इंडिया, आणि एअर इंडिया म्हणजे सरकार. एकाने दुसऱ्याला सोडले असेल तर ते कसे आणि केव्हा, हे तिला कळेना. घरी परतताना मी तिला ते सांगू लागलो. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले, की ही गोष्ट विमानाची असली तरी आपल्याला ती फार जुनी ओळखीची आहे.

त्या विमानावर नाव होते 'अलायन्स एअर'. ही कंपनी १९९६ साली इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून उडू लागली. तिच्याही आधी, १९८१ मध्ये, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून 'वायुदूत' काढली होती. लहान गावांना मोठ्या विमानतळांशी जोडणे हे तिचे काम होते. तिची आर्थिक घडी बसली नाही आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात मिसळली आणि अलायन्स एअर एअर इंडियाच्या घरात आली. लहान गावांकडे जाणारी लहान विमाने तिची, पण तिकिटावर नाव आणि क्रमांक एअर इंडियाचा, अशी व्यवस्था होती. विमान व्यवसायात असे करार जगभर असतात. प्रवासी मोठ्या कंपनीच्या नावावर विश्वासून तिकीट काढतो आणि प्रवासाचा पहिला किंवा अखेरचा तुकडा एखादी लहान कंपनी पार पाडते. एका तिकिटावर दोन विमाने असली की सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते, आणि पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर त्याची काळजी कंपनीला घ्यावी लागते. तिकिटे दोन झाली की ती काळजी प्रवाशाच्या डोक्यावर येते. करार आहे की नाही याचा सामान्य माणसाच्या दृष्टीने एवढाच अर्थ आहे, आणि तो लहान नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. विक्रीत अलायन्स एअर नव्हती. ती सरकारकडेच राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून एअर इंडियाने तिच्या आरक्षणाची जबाबदारी सोडली. त्या सुमारास निघालेल्या सूचनेचा आशय असा होता, की आता ती आमची उपकंपनी नाही, तिच्या तिकिटांबाबत तिच्याकडेच चौकशी करावी. ज्या प्रवाशांनी आधीच तिकिटे काढलेली होती त्यांना आपल्या विमानाचा क्रमांक नऊने सुरू होतो का हे पाहून आपण नेमके कोणाचे, ते ठरवायचे होते. सूचना सभ्य होती. नियमबाह्य त्यात काही नव्हते. दोन कंपन्यांचा व्यवहार संपला, आणि तो रीतसर संपला.

म्हणून अमरावतीला आलेले विमान एअर इंडियाचे नव्हते. जे मोठे होते ते विकले गेले आणि जे लहान होते ते सरकारचे राहिले. आईला मी इतके सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजे आपल्या शकुंतलेसारखंच झालं."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी शकुंतलेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मूर्तिजापूर हे अकोला आणि बडनेरा यांच्यामधले जंक्शन. तिथून एक अरुंद रूळमार्ग दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जात असे, तर दुसरा उत्तरेकडे बनोसा म्हणजे दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करीत अचलपूरला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश व्यापारी पेढीने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून तो बांधला. हेतू उघड होता. आतल्या गावांतला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळापर्यंत, तिथून मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायचा. पण या कंपनीने गाड्या स्वतः चालवल्या नाहीत. रूळ तिचे आणि गाडी जीआयपी रेल्वेची, असा करार झाला. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली, देशातल्या बहुतेक सगळ्या रेल्वे एका छत्राखाली आल्या, पण हा मार्ग मात्र खासगी मालकीचाच राहिला. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, आणि मालकाला त्याचा मोबदला, ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके टिकली. कराराचे नूतनीकरण होत राहिले. रूळ मात्र झिजत राहिले, कारण त्यांच्यावर खर्च कोणी करायचा हा प्रश्न दोन घरच्या पाहुण्यासारखा उपाशी राहिला. १९९४ मध्ये वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. २०१० नंतरच्या दशकात गाड्या टप्प्याटप्प्याने बंद पडल्या. २०१६ मध्ये मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली.

आईचे माहेर अंजनगावकडचे. तिचे वडील पानमळा आणि पानपिंपळी करीत. पानांच्या ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या टोपल्या पहाटे शकुंतलेत चढवल्या जात आणि मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत हलवल्या जात. पान हा नाशवंत माल. मधली गाडी चुकली तर मळ्यावरची मेहनत टोपलीतच काळी पडे. आई सांगते, की गार्ड स्वतःच खाली उतरून तिकिटे देत असे. आजोबांची टोपली धुऱ्यावरून येताना दिसली की तो हिरवे निशाण हातात धरून उभा राही, पण हलवत नसे. "त्याले कोनी सांगितलं नोहतं," आई म्हणाली. "त्याच्या मनात इमान होतं."

तो गार्ड जीआयपीच्या आणि किलिक निक्सनच्या करारात कुठेही नव्हता. आजोबाही नव्हते. करार दोघांचा होता आणि गाडी तिसऱ्याची होती. हे तिसरेपण हाच माझ्या मनाला लागलेला मुद्दा आहे.

वऱ्हाडच्या माणसाला खरे तर या तिसरेपणाची सवय असायला हवी. आपला प्रांतच करारावर फिरलेला आहे. १८५३ मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि कंपनीच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड लावून दिले गेले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. शेत ठोक्याने द्यावे तसा प्रांत दिला गेला. मग स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. हे दोन्ही वेगळ्या जातीचे. त्यांत आपल्याच नेत्यांच्या सह्या होत्या, आणि त्यांतले काय पाळले गेले व काय नाही यावर आपल्याकडे आजही चौकाचौकांत वाद होतो. पण तो वाद होऊ शकतो, हेच मला महत्त्वाचे वाटते. जिथे आपली सही असते तिथे निदान विचारता येते. १८५३ च्या तहाबद्दल माझ्या पणजोबाच्या पणजोबाने कोणाला विचारायचे होते?

भाषेचा माणूस म्हणून मी या शब्दांपाशी थोडा थांबतो. 'करार' हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ स्थिरता, ठहराव. उर्दूतला 'बेकरार' आपल्या कानाला ओळखीचा आहे. ज्याच्या मनाला थारा नाही तो बेकरार. म्हणजे करार हा मुळात व्यवहाराचा नव्हे, मनाच्या थाऱ्याचा शब्द. आपण त्याला कागदावर आणले, मुदत घातली आणि थाऱ्याला तारीख लावली. 'फारकत' हा शब्दही कागदाचाच. फारखती म्हणजे देणेघेणे संपल्याचे, आता आपला एकमेकांवर काही हक्क नाही असे लिहून दिलेले पत्र. नवराबायकोच्या ताटातुटीला तो पुढे चिकटला. या दोन्हींच्या आधीपासून मराठीत 'भाक' होती. भाक देताना हातावर हात ठेवतात. भाकेला मुदत नसते आणि फारखतीचा नमुनाही नसतो. भाक मोडली तर मोडणाऱ्याला निदान खाली पाहावे लागते. करार संपला तर दोघेही ताठ मानेने निघून जाऊ शकतात, कारण तो संपण्यासाठीच लिहिलेला असतो.

मी कराराच्या विरोधात बोलतो आहे असे कोणी समजू नये. भाकेवर रेल्वे चालत नाही आणि विमान तर मुळीच नाही. भाकेच्या जगात गरिबाची भाक सावकाराने किती वेळा गिळली याचा इतिहास आपल्या कापसाच्या पट्ट्याला नव्याने सांगावा लागणार नाही. कागद हे दुर्बलाचे संरक्षण आहे. पण ज्याचे नाव त्या कागदावर असते त्याचेच.

आता स्वतःविषयी. मी आठ वर्षे अकोल्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. या लेखाच्या वाचकांत प्राध्यापक पुष्कळ असतील, त्यांना तासिका तत्त्व म्हणजे काय हे सांगायला नको. जुलैत मुलाखत, मार्चअखेर कार्यमुक्ती, उन्हाळ्यात तुम्ही कोणीही नाही. मी रोज अमरावतीहून जात असे. बडनेऱ्याला गाडी धरायची आणि मूर्तिजापूर मागे टाकून अकोला. मूर्तिजापूरला पलीकडच्या बाजूला शकुंतलेचे डबे उभे दिसत. वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे मला ते दिसेनासे झाले होते. आपणही असेच एका मोठ्या गाडीला जोडलेले अरुंद रुळावरचे डबे आहोत, असा विचार तेव्हा एकदाही मनात आला नाही. तो आता येतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

नवव्या वर्षीच्या जुलैत मला बोलावणे आले नाही. कार्यभार कमी झाला होता. कोणी अपमान केला नाही, कोणी फसवले नाही. करार मार्चमध्येच संपलेला होता. मला दुःख झाले, पण माझे दुःख हा या लेखाचा विषय नाही. मी करारातला एक पक्ष होतो. सही करताना मुदत वाचलेली होती.

ज्या मुलीने सही केलेली नव्हती तिच्याविषयी लिहायचे आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी विद्यार्थिनी. तिच्या आजीला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत. दुसऱ्या वर्षीच्या लघुप्रबंधासाठी आपण हाच विषय घेऊ, असे आम्ही ठरवले होते. तिने उन्हाळ्याच्या आधीच एका दोनशेपानी वहीत ओव्या उतरवायला सुरुवात केली आणि मार्चमध्ये ती वही मला वाचायला दिली. आजीचे उच्चार तिने जसेच्या तसे ठेवले होते. काही शब्दांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हे होती, सरांना विचारायचे म्हणून. जुलैत मी गेलो नाही. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. नव्या मार्गदर्शकांनी दुसरा विषय सुचवला होता, सोपा, ग्रंथालयात साहित्य मिळेल असा. "चालते सर, काही हरकत नाही," ती म्हणाली. वही परत पाठवतो असे मी म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या, तुमच्याकडेच असू द्या."

ती वही अजून माझ्याकडे आहे. प्रश्नचिन्हे तशीच आहेत. टोपलीत काळ्या पडलेल्या पानांविषयी आई बोलते तेव्हा मला ती वही आठवते.

पुढे अमरावतीत मला कायम जागा मिळाली. कालांतराने विभागप्रमुख झालो. २०२५ च्या जुलैत, विमान पाहून आल्याला तीन महिने झाले असताना, माझ्या टेबलावर कार्यभाराचा तक्ता होता. अभ्यासक्रमाची नवी रचना आली होती, तास घटले होते, आणि तासिका तत्त्वावरच्या दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच बोलावता येणार होते. जी जाणार होती ती अकोल्याहून रोज येणारी. मूर्तिजापूर मागे टाकून, मी जात असे त्याच रुळांवरून, उलट्या दिशेने. तक्त्याखाली सही माझी होती.

मी सही केली. न करण्याने तास वाढणार नव्हते, आणि सही न करण्याचे नाटक करून स्वतःला शुद्ध ठरवणे मला जमले नसते. मोठ्या पक्षाच्या खुर्चीवर बसलेला माणूसही पुष्कळदा दुसऱ्या कोणत्या तरी तक्त्याखालीच असतो, हेही त्या दिवशी कळले. सूचना सभ्य शब्दांत का लिहिल्या जातात हे कळले. लिहिणाऱ्यालाही त्या सभ्यतेचा आधार लागतो.

पण तक्ता पाठवण्याआधी मी त्यांना फोन केला आणि विचारले, "मॅडम, तुमच्याकडे कोण कोण आहे?" त्या क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी पाच नावे सांगितली. एकीचे प्रकरण अर्धे लिहून झालेले, एक मुलगा नाट्यछटांवर काम करणारा, एकाला लेखन जमत नाही पण तोंडी उत्तम बोलतो म्हणून त्याचे बोलणे त्या ध्वनिमुद्रित करून घेत होत्या. शेवटच्या मुलाविषयी आमच्या विभागात कोणालाच माहीत नव्हते. त्या एक दिवस आल्या, मुलांना समोर बसवून प्रत्येकाचे काम मला समजावून दिले, आणि मी ते नावासह विभागाच्या नोंदवहीत लिहून घेतले. येण्याजाण्याचा खर्च त्यांनी घेतला नाही. महाविद्यालयात त्यासाठी कोणते शीर्षकही नव्हते.

यात मी काही मोठे केले असे नाही. त्यांचे वर्ष गेलेच. मी फक्त निशाण हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो.

अमरावतीचे विमान 'उडान' योजनेखाली सुरू झाले. या योजनेतही मार्गाला अनुदान मिळते ते ठरावीक वर्षांसाठी. नांदेड, जळगाव, कोल्हापूर या आपल्याच राज्यातल्या गावांनी २०२२ मध्ये एका लहान कंपनीची सेवा अचानक थांबलेली पाहिली आहे. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी तर १९४० च्या दशकातली, आणि तिच्या विस्तारासाठी कृषी विद्यापीठाच्या जमिनीची चर्चा आम्ही विद्यार्थी असल्यापासून ऐकत आलो. आपल्याकडे काय येईल आणि काय जाईल हे पुष्कळ अंशी दूरच्या टेबलांवर ठरते, आणि पुढेही तसेच ठरेल. तरीही जे करार आपल्या गावावरून जातात त्यांची मुदत आपल्याला माहीत असावी, आणि ते संपताना मधल्या प्रवाशाचे काय, हे विचारायला कोणी तरी असावे, एवढी मागणी अवाजवी नाही. विमान पहिल्यांदा उतरते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. तेव्हाच हा प्रश्नही विचारला पाहिजे. नंतर विचारण्यासाठी खिडकी उघडी नसते.

गेल्या महिन्यात मी ती ओव्यांची वही कपाटातून काढली. ती मुलगी आता एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते असे तिच्या वर्गातल्या एका मुलाकडून कळले. पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हांपैकी बहुतेक शब्द मला येत नव्हते. आईला विचारले, तिने एक सोडून सगळे सांगितले. मी ते समासात लिहून काढले आहेत. राहिलेला शब्द तिच्या आजीलाच विचारावा लागेल, ती असली तर. या रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून मूर्तिजापूरला उतरणार आहे.